माइकची खरखर

ज्याला गाता येतं तो गाणारा, आणि ज्याला गाता येत नाही पण ऐकता फार चांगलं येतं, तो कानसेन. टेलिफोन खात्याच्या टेस्ट डेस्कवर एकतीस वर्षं काढलेल्या एका गृहस्थांना हे नाव सहकाऱ्यांनी थट्टेने दिलं. निवृत्तीच्या दिवशी टेबल, खुर्ची, हेडफोन सगळं त्यांनी खात्याला परत केलं, नाव तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण हेडफोन लावून डोळे मिटले, की तीन किलोमीटरवरच्या केबलमध्ये पाणी शिरलंय की सांधा सैल झालाय, हे ते बसल्या जागी सांगत. खणणारे लोक कुरकुरत जात आणि त्याच जागी दोष सापडला, की मुकाट्याने परत येत.

त्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिकवत. आसपासच्या चार गल्ल्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी कानसेनही बाईच म्हणत. बाई नवऱ्याला 'अहो'च्या पुढे कधी गेल्या नाहीत. फारच राग आला तर 'अहो कानवाले' म्हणत, आणि मग कानसेन समजून घेत, की आज आपलं काही खरं नाही.

रिकाम्या माणसाला खोड लागायला वेळ लागत नाही. कानसेनांना संगणकाची लागली. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर मुलीने टाकून दिलेला जुना संगणक. सुरुवात फोटोंपासून झाली. बुरशी धरलेले घरचे फोटो स्कॅन करायचे आणि एकेक डाग काढत बसायचं. शेजारचा चांगला तुकडा उचलायचा, डागावर बसवायचा, कडा पुसून घ्यायच्या. कुणाच्या गालावरचा डाग काढताना तीळही गेला, की बाई मागून म्हणत, "तो तीळ होता हो! माझ्या आईला ओळखू तरी येऊ द्या." तो तीळ परत आणायला मग दुपार जाई. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच आहे. वेळेलाही नसतं, हे मात्र खरं नाही.

फोटो झाले आणि गोष्टी सुरू झाल्या. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला झोपताना आजीच्याच तोंडची गोष्ट हवी असे. बाईंनी गोष्ट सांगायची, कानसेनांनी ती संगणकात भरून, साफसूफ करून नातीला पाठवायची, असं ठरलं. त्यासाठी पहिलं सॉफ्टवेअर आणलं ते मोठं ऐटदार होतं. तीस दिवस ते पायघड्या घालून वागलं आणि एकतिसाव्या दिवशी दार लावून बसलं. आत बाईंच्या सात गोष्टी, आणि त्या दुसऱ्या कशातही उघडेनात.

"गोष्टी माझ्या आणि किल्ली परक्याकडे?" बाई म्हणाल्या. "हा कुठला पाहुणा आणून ठेवलात?"

तेव्हापासून त्या सॉफ्टवेअरचं नाव पाहुणा पडलं आणि कानसेनांनी प्रतिज्ञा केली, की यापुढे घरात मुक्त सॉफ्टवेअरच येईल. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. ते म्हणाले, "म्हणजे फुकट ते पौष्टिक, असंच ना?"

"फुकट नव्हे हो, मोकळं," कानसेन चिडून म्हणाले. "हे लोक नुसतं जेवण वाढत नाहीत, कसं केलं तेही लिहून देतात. मीठ जास्त वाटलं तर आपल्या घरी कमी घालावं. उद्या ते लोक नसले तरी आपली चूल विझत नाही."

त्यांनी एक जाड वही सुरू केली. प्रत्येक सॉफ्टवेअरला त्यात एक पान. वर ठळक अक्षरात पहिला प्रश्न: वीस वर्षांनी उघडेल का? नात पंचविशीची होईल, आपण असू किंवा नसू, तेव्हाही तिला आजीची गोष्ट ऐकता आली पाहिजे. पाहुण्याच्या पानावर या प्रश्नापुढे त्यांनी जी फुली मारली होती, ती मागच्या दोन पानांवर उमटली होती.

आणि मग खरखर आली.

आठवी गोष्ट भरताना कानसेनांना ती पहिल्यांदा ऐकू आली. बाई लांब स्वर घ्यायला लागल्या, 'एक होताऽ राजा' म्हणाल्या, की त्या 'ता'च्या कडेला बारीक खरखर लागे. वाळूवर चप्पल घासावी एवढीच. दुसऱ्या कुणाला ती कळलीही नसती. कानसेनांनी हेडफोन काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खात्यातल्या आवाजात निकाल दिला, "माइक."

"मग माइक बदला," बाई लगेच म्हणाल्या.

माइक बदलला, वायर बदलली. बाईंना जुन्या कपाटात, रजया टांगून, मोड्यावर बसवलं. पंखा बंद, घड्याळ हातातून काढून बाहेर, फ्रिजचा प्लगही काढलेला. एकदा तो परत लावायचा राहिला आणि बर्फाचं पाणी स्वयंपाकघरभर झालं, तेव्हा शेजारपाजारच्यांनीही 'अहो कानवाले' ऐकलं. खरखर मात्र जागची हलली नाही.

आता वहीतला प्रश्नच बदलला: खरखर काढतं का? जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं कानसेन एकामागून एक उतरवून घेऊ लागले. प्रत्येकाच्या परीक्षेला बाई कपाटात बसून एकच वाक्य म्हणत, "चटईला टाचणी टोचली." एकाचं नाव खराटा ठेवलं. ते खरखर झाडून काढायचं, पण त्याबरोबर बाईंचा श्वास आणि सगळे 'च', 'ट'सुद्धा. दुसरी चाळण. तिच्यातून बाई विहिरीच्या तळाशी बसून बोलल्यासारख्या ऐकू येत. तिसऱ्यात बटणंच नव्हती, नुसती काळी खिडकी, आणि तिच्यात हुकूम टाइप करायचे. एक टिंब चुकलं तरी ती काही करत नसे, आणि का करत नाही तेही सांगत नसे. "तुमच्या साहेबांसारखी आहे," बाई म्हणाल्या.

पण काळ्या खिडकीत एक सोय होती. ती आवाजाचं चित्र काढून देई. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सूर, जिथे जोर तिथे रंग गडद. बाईंचा स्वर त्यात वहीच्या रेघांसारखा दिसे, एकावर एक, सरळ. आणि त्या रेघांच्या मध्ये खरखर दिसे, स्वेटरवर लोकरीची कुसळं उभी राहावीत तशी. कानसेनांना आनंदच झाला. डाग एकदा दिसला की तो कसा काढायचा, हे त्यांच्या हाताला फोटोंनी शिकवलेलं होतं.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा इंटरनेटवर एक सार्वजनिक फळा असतो. कुणीही प्रश्न लिहावा, कुणीही उत्तर द्यावं. कानसेनांनी शब्दकोश मांडीवर घेऊन, मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहिला: माझ्या पत्नीच्या आवाजात माइकचा दोष येतो, तो कसा काढावा? सोबत टाचणीचे तीन नमुने जोडले. दोन दिवसांत तीन उत्तरं आली. एकाने वायर तपासा म्हटलं, दुसऱ्याने संगणकाचं अर्थिंग. तिसऱ्याने काळ्या खिडकीत टाकायच्या अकरा ओळी लिहून दिल्या. त्या टाकल्या आणि कुसळं गेली. रेघा स्वच्छ, श्वास शाबूत, 'च', 'ट' जागच्या जागी. कानसेनांनी हेडफोन बाईंच्या कानाला लावला.

बाईंनी ऐकलं. "छान," म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वीची वाटतेय मी."

कानसेनांनी वहीत काळ्या खिडकीच्या पानावर बरोबरची मोठी खूण केली. सगळ्या गोष्टी त्या अकरा ओळींमधून गाळून घेतल्या आणि जागा कशाला अडवायची म्हणून मूळचे खरखरीत नमुने पुसून टाकले. पुढच्या गोष्टी भरल्या की लगेच गाळल्या. बाईंचा आवाज दिवसेंदिवस जाड होत होता, मधेच तुटत होता. पण कानसेनांना तो ऐकू येईपर्यंत त्या अकरा ओळींनी धुतलेला असे. समोरासमोर बोलताना? समोरासमोर चाळीस वर्षं संसार केलेली माणसं एकमेकांचा आवाज कुठे ऐकतात, नुसतं काय म्हटलं ते ऐकतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

सात आठवड्यांनी कानसेन पुन्हा फळ्यावर गेले. गेले ते काही विचारायला नाही. ज्याने दिलं त्याला परत काहीतरी द्यावं, हा या लोकांचा रिवाज त्यांना फार आवडला होता. त्या अकरा ओळींत त्यांनी दोन सुधारणा केल्या होत्या, त्या त्यांना फळ्यावर लिहायच्या होत्या. सकाळचे दहा वाजले होते, बाई स्वयंपाकघरात काहीतरी निवडत होत्या.

आपल्या प्रश्नाखाली त्यांना चौथं उत्तर दिसलं. कुठल्यातरी देशातल्या अनोळखी बाईचं होतं. त्यांनी शब्दकोश उघडला, पण त्याची गरज पडली नाही, इतकं ते सोपं लिहिलेलं होतं.

'मी आवाजाच्या दवाखान्यात काम करते. तुमचे तिन्ही नमुने ऐकले. दिवस वेगळे, माइक वेगळे, तरी खरखर तीच आहे. शब्दांच्या मधल्या शांततेत ती अजिबात नाही. दोष माइकचा असता तर शांततेतही ऐकू आला असता. कृपया तुमच्या पत्नीला घशाच्या डॉक्टरांकडे लवकरात लवकर न्या.'

बोलणं थांबल्यावरही जो ऐकू येतो तो दोष लाइनचा; बोलण्याबरोबर येतो आणि बोलण्याबरोबर जातो, तो बोलणाऱ्याचा. टेस्ट डेस्कवर नव्याने आलेल्या प्रत्येकाला कानसेन पहिल्या दिवशी हेच वाक्य घोकायला लावत. तीसेक माणसांना तरी त्यांनी ते शिकवलं असेल. त्यांनी उत्तराखालची तारीख पाहिली. डोळे पुसून पुन्हा पाहिली. तारीख सात आठवड्यांपूर्वीची होती. अकरा ओळी मिळाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे उत्तर आलं होतं, आणि खरखर गेली म्हणून ते परत तिकडे फिरकलेच नव्हते.

स्वयंपाकघरातून बाईंनी हाक मारली, "अहो, चहा ठेवू का?" आणि कानसेनांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज ऐकला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

बाईंना त्यांनी उत्तराचं काही सांगितलं नाही. "दोघांचीही तपासणी करून घेऊ या, वय झालं," असं म्हणून दुसऱ्या दिवशी नेलं. घशाच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी बाईंच्या नाकातून बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. इतकी चित्रं साफ केलेल्या कानसेनांना हा डाग कुणी दाखवावा लागला नाही.

"आवाज कधीपासून बसलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

बाई कानसेनांकडे बघत राहिल्या. "चार महिने असतील," कानसेन म्हणाले. "आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"माइक."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी कागदावर फक्त 'चार महिने' लिहिलं.

तुकडा काढून तपासला. आठवड्याने निकाल आला, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल. श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल, आणि बोलणं हे असं राहणार नाही. बाईंना बाहेर बसवून कानसेन एकटे पुन्हा आत गेले. "दोन महिने आधी आलो असतो तर?"

"असं मागे जाऊन सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. उत्तर देणारा माणूस उत्तर टाळतोय, हे ओळखायला कानसेन असण्याची गरज नव्हती.

ऑपरेशनला नऊ दिवस होते. बैल गेला आणि झोपा केला, तशी कानसेनांची धावपळ सुरू झाली. कपाटातल्या रजया झटकल्या, माइक लावला, बाईंना म्हणाले, "बस, आज काही गाळायचं नाही. जे येईल ते बोल."

बाईंनी कपाटात पाऊल टाकलं नाही. "आता कशाला? हा घोगरा आवाज ऐकून पोरगी घाबरेल. तुमच्याकडे तो धुतलेला आहे ना, तोच राहू द्या."

"तो तुझा नाही गं."

"छान आहे की," बाई म्हणाल्या आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या.

ते नऊ दिवस बाई मुलीशी फोनवर बोलत होत्या. कोणत्या डब्यात काय आहे, कानसेनांना कुठली गोळी कधी लागते, नातीचं नाव शाळेत कधी घालायचं. मधे आवाज तुटे, घोट घेऊन पुन्हा सुरू. कानसेन मागच्या खोलीत यंत्र बंद करून भिंतीला टेकून ऐकत बसत. लपून यंत्र चालू करणं त्यांना अवघड नव्हतं. पण नाही म्हणून सांगितलेल्या माणसाचं बोलणं चोरून भरणं त्यांना एकतीस वर्षांत कधी जमलं नव्हतं, आणि तेव्हाही जमलं नाही. आठव्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर निघायचंय. गॅस नीट बंद करा." बाईंच्या तोंडचं हे शेवटचं नीट वाक्य. सकाळी गाडीत त्या काही बोलल्याच नाहीत.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाई बारा दिवसांनी घरी आल्या, गळ्यावर पातळ कापडाचा पट्टा बांधून. आवाजासाठी हातात धरायचं एक यंत्र मिळालं होतं. बाईंनी ते एकदा गळ्याला लावलं, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं 'अहो' निघालं, आणि त्यांनी यंत्र डबीत घालून डबी कपाटात ठेवली. त्याऐवजी एक लहान पांढरी फळी आणि निळं पेन आलं. अक्षर तेच, शाळेच्या फळ्यावरचं, गोल आणि ठसठशीत.

फळीने काम भागत होतं, पण घर मुकं झालं होतं. कानसेनांना ते सोसेना. म्हणून बाई लिहीत ते सगळं ते मोठ्याने वाचू लागले. 'दूध उतू जाईल', 'मुलीला फोन लावा', 'हा शर्ट पुन्हा नको', सगळं. निदान तिचे शब्द तरी घरात ऐकू यायला हवेत. बाईंना आधी हसू आलं, मग त्यांना सवय झाली, मग त्या चुका काढू लागल्या. कानसेन सपाट वाचून गेले, की बाई स्वल्पविरामावर टकटक करत आणि पुन्हा वाचायला लावत. चाळीस वर्षांत न घडलेलं शिक्षण त्या दिवसांत घडत होतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी मुलीचा फोन आला. नात नवी गोष्ट मागत होती. कानसेनांनी जुन्या गोष्टींतली एक शोधली आणि पाठवण्याआधी बाईंसमोर लावली. 'एक होता राजा.' धुतलेला, स्वच्छ, वीस वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत आला. बाई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. गोष्ट संपली तेव्हा कानसेनांच्या मनातला बांध फुटला. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. अनोळखी बाईचं उत्तर होतं, तारखेसकट छापून घेतलेलं, खाली स्वतःच्या अक्षरात मराठी अर्थ.

"सात आठवडे ते तिथे पडून होतं," ते म्हणाले. "मी पाहिलं नाही. माझ्याकडे खरखर निघाली होती, म्हणून मी बघायला गेलोच नाही. आणि पाहिल्यावर तुला सांगायचं धाडस झालं नाही. माझ्यामुळे झालं हे, बाई."

बाईंनी कागद उत्तरपत्रिका तपासावी तसा दोनदा वाचला. तारखेवर बोट ठेवलं, बोटांवर आठवडे मोजले. गळ्यावरच्या पट्ट्याखाली त्यांचा श्वास सुस्कारत होता. मग त्यांनी फळी घेतली आणि लिहू लागल्या. लिहिलेलं पुसलं, पुन्हा लिहिलं. नीट बसेपर्यंत अक्षर लहान करून शेवटी फळी नवऱ्यापुढे धरली.

'सात आठवडे तुमचे. त्याआधीचे सगळे महिने माझे. मला ती आतून ऐकू येत होती, गोष्टी सुरू करायच्याही आधीपासून. तुम्ही माइक म्हणालात, आणि मला इतकं बरं वाटलं.'

कानसेनांनी ते मनातच वाचलं. बाईंनी पेनाने फळीवर टकटक केली, रोजच्यासारखी. मोठ्याने वाचा, म्हणून.

"सात आठवडे तुमचे," कानसेन म्हणाले. पूर्णविरामाला थांबले. बाई दुसऱ्या वाक्याच्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवून बसून राहिल्या.